सेकंदाला १६०० उड्या

वसई-विरारमधल्या कितीतरी घरांत जुना डेस्कटॉप अजून नीट चालतो, फक्त त्यात ब्लूटूथ नसतं. नखाएवढा डोंगल यूएसबी पोर्टात खोचला की वायरलेस इअरफोन जोडता येतात. त्या नखाएवढ्या जागेत अख्खं रेडिओ केंद्र मावलेलं असतं, बोलणारं आणि ऐकणारंही! तेही सहसा काही मिलिवॅटांच्या ताकदीने बोलणारं. अनेक डोंगलांत अँटेना म्हणजे सर्किट बोर्डवरची तांब्याची नागमोडी रेघ. लहर साडेबारा सेंटिमीटरची. तिच्या पाव हिश्शाएवढी रेघ इथे बसवायची, तर वळणं घेतल्याशिवाय गत्यंतर नाही.

पण खरी कमाल उड्यांची. २४०२ ते २४८० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात ब्लूटूथच्या ७९ वाटा आहेत. मूळ पद्धतीत डोंगल आणि इअरफोन सेकंदाला १६०० वेळा वाट बदलू शकतात. दोघं एकाच क्षणी एकाच वाटेवर सापडतात कसे? जोडीतला एक प्रमुख असतो. त्याचा पत्ता आणि त्याचं घड्याळ दोघांनाही ठाऊक असतं. त्यावरून पुढची उडी कुठे, हे दोघं आपापलं गणित करून काढतात. वाट बदलत बोलण्याच्या अशाच एका युक्तीचं पेटंट १९४२ साली अभिनेत्री हेडी लमार आणि संगीतकार जॉर्ज अँथील यांनी घेतलं होतं, तेही पाणतीरासाठी!

आता सकाळची विरार लोकल डोळ्यांपुढे आणा. डब्यात जिकडेतिकडे कानांत इअरफोन, आणि सगळ्यांचा पट्टा एकच. तरी गाणी एकमेकांत मिसळत नाहीत, कारण प्रत्येक जोडीचा उड्यांचा क्रम वेगळा. दोन जोड्या एका वाटेवर आदळल्याच, तर हरवलेला तुकडा पुन्हा पाठवता येतो. शिवाय अंगातलं पाणी या लहरी शोषतं, म्हणजे गर्दीच शेजाऱ्याचा संदेश थोडा अडवते. २००३पासून तर ब्लूटूथ वाय-फायने अडवलेल्या वाटा ओळखून त्या टाळायलाही शिकलं.

घरी मात्र इअरफोन तुटक वाजले, तर शेजारच्या राउटरला दोष देण्याआधी कॅबिनेटकडे बघा. यूएसबी ३.० चा वेगवान व्यवहार नेमक्या याच पट्ट्यात गोंगाट करतो. डोंगलला लागूनच हार्ड डिस्क जोडली असेल, तर त्याला बिचाऱ्याला काही ऐकूच येत नाही. मागच्या पोर्टात पत्र्याची आडकाठी वेगळीच. हातभर एक्स्टेन्शन वायर लावून डोंगल टेबलावर आणा.