वाडीतील हौद आणि कोई मासे

डहाणू-तलासरीकडील ज्या बागायतदारांच्या वाडीत बारमाही विहीर व चिकूची दाट सावली आहे, त्यांस कोई नावाच्या रंगीत माशांची हौस वाटली तर त्यात नवल नाही. हा मासा मूळचा श्रीमंतांच्या दिवाणखान्यातला नव्हे. जपानच्या नीगाता प्रांतातील डोंगराळ गावांचे भातशेतकरी आपल्या तळ्यांत खाण्याकरिता कार्प मासे पाळीत. एकोणिसाव्या शतकात त्यांत मधूनच तांबडी-पांढरी पिल्ले निघाली, ती निराळी राखून त्यांनी वाण सिद्ध केले, आणि १९१४ सालच्या टोकियोच्या प्रदर्शनानंतर त्यांची कीर्ती पसरली. आपल्या शेततळ्यांतील सायप्रिनस हा त्यांचाच भाऊबंद होय.

कोई दोन फुटांपर्यंत वाढतो व वीस-पंचवीस वर्षे जगू शकतो. बोटभर पिल्लू पाहून टाकी बांधणे म्हणजे वासराच्या मापाने गोठा बांधणे होय. पाच-सहा माशांस चार फूट खोलीचा व आठ-दहा हजार लिटरांचा हौद हवा. वैशाखात पाणी तापले की त्यातील प्राणवायू घटतो, आणि तो पहाटे सर्वांत कमी असतो. म्हणून रात्रभर पाणी वरून पडते ठेवावे. खाद्य पाच मिनिटांत संपेल इतकेच टाकावे. दर आठवड्यास पाचवा हिस्सा पाणी काढून ते चिकूच्या आळ्यांत सोडावे. माशांच्या मलमूत्रातील नत्र झाडांच्या उपयोगी पडते. मात्र बी पोखरणाऱ्या अळीसाठी फवारणी करावयाची त्या दिवशी हौद झाकलाच पाहिजे. सायपरमेथ्रिनसारख्या औषधाचे थोडे तुषारही माशांस मारक ठरतात.

सातबाऱ्यावर विहिरीची व झाडांची नोंद होते, हौसेची होत नाही. तथापि हौसेचा उपद्रव शेजाऱ्यांस होऊ शकतो, आणि आमचे खरे सांगणे येथेच आहे. आपल्याकडे आषाढात एका रात्रीत हौद तुडुंब भरून वाहतो. त्या पाण्याबरोबर मासे बांधावरून ओहोळात व ओहोळातून नदीत जातात. मोठी मादी एका वेळी लाखाहून अधिक अंडी घालते. शिवाय हा मासा तळाचा चिखल उकरून खातो, त्यामुळे पाणी गढूळ होते व पाणवनस्पती उपटल्या जातात. पहिल्या पावसात वलगणीचे मासे धरून ज्या वारली कुटुंबांच्या घरी चार दिवस कालवण शिजते, त्यांच्या ओहोळांत हा पाहुणा शिरला तर त्यास परत काढणे कोणाच्याही हाती नाही.

यास्तव हौदाचा काठ जमिनीपासून हातभर उंच घ्यावा, जादा पाण्याच्या नळीस बारीक जाळी लावावी, आणि ती पालापाचोळ्याने तुंबते म्हणून पावसाळ्यात रोज साफ करावी. नवे मासे तीन आठवडे निराळ्या टाकीत ठेवावेत. कोईस नागिणीच्या जातीच्या विषाणूचा एक रोग होतो व तो सबंध हौद ओस पाडतो. नकोसे झालेले मासे दुसऱ्या हौशी गृहस्थास द्यावेत. पुण्य समजून कुर्झे धरणात अथवा गावतळ्यात सोडू नयेत.