सुट्टीतली चूल कुणाची?

"हॉटेलचं खाणं मुलांना बाधतं, त्यापेक्षा स्वयंपाकघर असलेली बंगलीच घेऊ भाड्याने," असं ठरलं की घरात सगळे खूष होतात. खर्च वाचतो, सासूबाईंचं पथ्य सांभाळलं जातं, मनात येईल तेव्हा चहा करता येतो. पण मैत्रिणींनो, तो चहा करायचा कुणी, हे कुणीच विचारत नाही!

मागच्या नोव्हेंबरात आम्ही भंडारदऱ्याला गेलो. मी, हे, मुलं, सासूबाई आणि थोरले दीर-जाऊबाई. मुंबई-नाशिक रस्त्यावर घोटीला वळलं की सह्याद्रीचे डोंगर जवळ येऊ लागतात. प्रवरेवरचं विल्सन धरण १९२६ साली पुरं झालं. त्याच्या शेजारच्या शेंडी गावात आम्ही दोन खोल्यांची बंगली घेतली होती. ओटा, गॅस, मोजकी भांडी आणि अंगणातून दिसणारं पाणी.

पहिल्या संध्याकाळी मंडळी पाण्याकडे फिरायला गेली आणि आम्ही दोघी जावा पोळ्या लाटत बसलो. त्यात गावातून आणलेला तांदूळ नवा. नव्या तांदळाला पाणी कमी लागतं हे ठाऊक असूनही दमलेल्या हाताने घरच्याच अंदाजाने पाणी घातलं आणि भाताचा लगदा झाला. मंडळी परतली ती सूर्यास्ताचं कौतुक करत. जाऊबाई हळूच म्हणाल्या, "आपण काय पाहिलं? ओट्यामागची भिंत!"

सासूबाईंनी ते ऐकलं. जेवणं झाल्यावर त्यांनीच फर्मान काढलं, "उद्यापासून सकाळचा चहा आणि पोहे पुरुषांनी करायचे. भांडी मुलं घासतील." दीर म्हणाले, "मला कुठे येतात पोहे?" सासूबाई म्हणाल्या, "मी इथेच बसून सांगते!" पोहे जरा गिचकाच झाले, पण सगळ्यांनी पुन्हा मागून खाल्ले.

त्या दिवशी आम्ही रतनवाडीचं अमृतेश्वराचं देऊळ पाहिलं. काळ्या दगडातलं कोरीवकाम आणि जवळची पुष्करणी बघताना घड्याळाकडे लक्षच गेलं नाही. दुपारचं जेवण गावातल्या एका बाईंना आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं: नागलीची भाकरी, पिठलं आणि ठेचा. अशा वेळी घासाघीस करू नये, बरं का. आपली सुट्टी असते, पण त्यांचे ते कष्ट असतात.

तिसऱ्या दिवशी पहाटे बारी गावातून कळसूबाई चढलो. उंची १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. अवघड जागी लोखंडी शिड्या आहेत, तरी दम लागतोच. वर देवीच्या देवळापाशी जाऊबाई कितीतरी वेळ नुसत्या उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "लग्नाला सत्तावीस वर्षं झाली. आज दुपारी काय करायचं, हा विचार न करता उजाडलेली ही पहिलीच सकाळ." दिरांनी ते ऐकलं. बोलले काही नाहीत, पण उतरल्यावर चहा त्यांनीच ठेवला.

तुम्ही अशी बंगली घेणार असाल तर पिण्याच्या पाण्याची आणि गॅसची चौकशी आधीच फोनवर करा. परक्या कुकरची रिंग दगा देते, तेव्हा कुकर आपलाच न्या. सुरी, काडेपेटी, मेणबत्त्या, फडकी आणि भांड्यांचा साबण विसरू नका. पहिल्या रात्रीसाठी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घरूनच न्या. थालीपिठाची भाजणी आणि मेतकूट असलं की अडत नाही. स्वयंपाक दिवसातून एकदाच करा. पावसाळ्यात इथे धुवाधार पाऊस असतो आणि वाटा निसरड्या होतात. लहान मुलं बरोबर असतील तर हिवाळाच बरा.

आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे कोणी काय करायचं ते निघण्याआधीच कागदावर लिहून काढा. तो कागद बंगलीच्या दारावर चिकटवा. आमचा मी परत आणला आणि आता तो घरच्या फ्रीजवर लावलाय. रविवारचे पोहे अजून दीरच करतात. हल्ली गिचका होत नाहीत!