बिअरच्या पौष्टिकपणाची शंभर वर्षं

१९२९ साली ब्रिटनमध्ये गिनेस या काळ्या बिअरची पहिली मोठी जाहिरात मोहीम निघाली, ती बिअर प्रकृतीला चांगली असं सांगतच. आयर्लंडमध्ये तर रक्तदान केलेल्यांनाही गिनेस दिली जाई. काळी आहे म्हणजे लोह भरपूर, हा समज. खरं तर तो काळेपणा भाजलेल्या बार्लीचा. पाइंटभर गिनेसमध्ये अर्धा मिलिग्रॅमसुद्धा लोह नसतं.

त्याच सुमारास डॉ. लुसी विल्स मुंबईत गिरणी कामगार बायकांना गरोदरपणात होणाऱ्या जीवघेण्या रक्तक्षयाचं कारण शोधत होत्या. औषध सापडलं मार्माइटमध्ये. बिअर तयार झाल्यावर उरलेल्या यीस्टचा हा काळा, चिकट, खारट अर्क इंग्रज लोक पावाला लावून खातात. तो पोटात जाताच या बायकांचं रक्त भरून येऊ लागलं. १९३१ साली विल्स यांनी हे प्रसिद्ध केलं. त्यातला गुणकारी घटक म्हणजे फॉलेट हे जीवनसत्त्व, असं पुढे कळलं. बिअरच्या इतिहासातली सगळ्यात मोलाची आरोग्यकथा मला हीच वाटते, आणि ती आपल्या मुंबईत घडली. पण गुण आला तो गाळून बाजूला काढलेल्या यीस्टचा. ग्लासात फॉलेट उतरतं ते थोडंसंच.

१९९२ साली फ्रेंच लोकांची वाइन आणि त्यांचं निरोगी हृदय यांचा संबंध गाजला, तशी बिअरमधल्या अँटिऑक्सिडंटचीही चर्चा वाढली. ती द्रव्यं बिअरमध्ये आहेतच. त्यातली पॉलिफेनॉल मुख्यतः माल्टमधून, म्हणजे मोड आणलेल्या बार्लीतून येतात, उरलेली हॉप्स या कडवट फुलांमधून. हॉप्समधल्या झँथोह्युमॉल या पॉलिफेनॉलवर प्रयोगशाळांत पुष्कळ काम झालं. पण बिअर बनवताना होणाऱ्या उकळण्यात त्याचं बहुतेक रूपांतर होऊन जातं. शिवाय थंड केल्यावर पॉलिफेनॉल आणि प्रथिनं एकमेकांना धरतात, बिअर गढूळ दिसते. गिऱ्हाइकाला हवी लखलखीत लागर बिअर, म्हणून अनेक कंपन्या यातली काही पॉलिफेनॉल मुद्दाम काढून टाकतात. जाहिरातीला हवं ते बाटलीत नको, असा हा व्यवहार.

२०१० साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांना बिअरमध्ये लिटरमागे ६.४ ते ५६.५ मिलिग्रॅम सिलिकॉन आढळलं; ते हाडांना उपयोगी मानलं जातं, तेव्हा हाडांसाठी बिअर अशा बातम्या आल्या. मद्य कर्करोगकारक आहे हे मात्र १९८८ सालीच जाहीर झालं होतं, आणि जानेवारी २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मद्याचं कुठलंच प्रमाण सुरक्षित नसल्याचं स्पष्ट केलं.

प्यायची त्यांनी आवडते म्हणून प्यावी, प्रकृतीचं नाव पुढे करू नये. गरोदर बाईने तर बिअरला हातही लावू नये. लोह आणि फॉलिक अॅसिडची, म्हणजे त्याच फॉलेटची, गोळी सरकारी दवाखान्यात मोफत मिळते.