बर्फाला टेकलेले बल्ब

चाकणजवळच्या महाळुंगे इंगळे इथल्या एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये सकाळी साडेसहाला तीन टेबलं मांडून झाली होती. तिसरी पाळी सुटायची होती. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या या कंपनीत त्या दिवशी वार्षिक आरोग्य तपासणी होती. रक्त काढायला पिंपरीच्या लॅबमधून आलेल्या ताईंच्या शेजारी मी खुर्ची ओढून बसले.

ताई नाव विचारतात, पण ते स्वतः उच्चारत नाहीत. 'तुम्हीच ना अमुक?' असं विचारलं तर रात्रभर मशीनवर उभा राहिलेला माणूस कशालाही 'हो' म्हणून जातो. म्हणून 'नाव सांगा दादा, जन्मतारीख सांगा', इतकंच. त्या दिवशीच्या यादीत एकाच नावाचे दोघं होते. दोघंही मराठवाड्यातले, दोघंही प्रेस शॉपमधले. बारकोडची चिकटपट्टी बल्बवर, म्हणजे रक्ताच्या नळीवर, लागते ती रक्त आत उतरल्यावर, माणूस समोर बसलेला असतानाच. आधीच चिकटवून ठेवलेला बल्ब भलत्याच्या हाताखाली जाऊ शकतो.

'शेवटचं कधी खाल्लंत?'

'सकाळपासून काहीच नाही ताई.'

तो खरंच सांगत होता. पण तिसऱ्या पाळीचं जेवण रात्री दोनला होतं आणि घड्याळात सात वाजले होते. उपाशीपोटीची साखर म्हणायला किमान आठ तासांचा उपास लागतो. ताईंनी अर्जावरच्या 'फास्टिंग'वर काट मारली आणि 'रँडम' लिहिलं. ती काट मारायची राहिली असती, तर एका धडधाकट माणसाच्या रिपोर्टवर मधुमेहाचा संशय छापला गेला असता. कंत्राटी कामगाराला असा कागद महाग पडतो, हे चाकणमध्ये कुणाला वेगळं सांगावं लागत नाही.

बल्ब भरायचाही क्रम असतो. आधी सीरमचा, मग जांभळ्या टोपणाचा ईडीटीए, शेवटी राखाडी टोपणाचा फ्लोराईड. जांभळ्या बल्बमधलं औषध म्हणजे पोटॅशियमचा क्षार. त्याचा अंश सीरमच्या बल्बमध्ये गेला तरी पोटॅशियम वाढलेलं आणि कॅल्शियम उतरलेलं दिसतं. राखाडी बल्बमध्ये फ्लोराईड असतं, कारण शरीराबाहेर आल्यावरही रक्तपेशी साखर खात राहतात; साध्या बल्बमध्ये दर तासाला सुमारे 5 ते 7 टक्के साखर कमी होते. दंडाला बांधलेला पट्टा मिनिटाच्या आत सुटला पाहिजे. मूठ मिटायची, पण सारखी उघडझाप करायची नाही, त्यानंही पोटॅशियम चढतं. आणि बल्ब हलवायचा तो हळुवार उलटासुलटा करून, खुळखुळ्यासारखा नाही. यातलं काहीही रिपोर्टच्या कागदावर उमटत नाही.

मी इथे आले होते ते कायदा काय पाहतो हे समजून घ्यायला. 2025 पर्यंत लागू असलेल्या 1948 च्या कारखाना कायद्याचं कलम 41-सी धोक्याच्या प्रक्रियेत काम करणाऱ्यांची कामावर घेण्याआधी आणि नंतर 12 महिन्यांच्या आत पुन्हा वैद्यकीय तपासणी व्हावी असं सांगत असे. त्या तपासणीतलं रक्त कुठल्या लॅबमध्ये, कशा रीतीनं तपासलं गेलं, हे विचारायला महाराष्ट्रात स्वतंत्र कायदा नाही. आपल्याकडचा शुश्रूषागृह नोंदणीचा कायदा 1949 चा. तो रुग्ण ठेवून घेणाऱ्या जागांसाठी आहे, आणि लॅबमध्ये खाट नसते. केंद्राच्या 2010 च्या क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायद्यात लॅबही येतात, पण तो राज्यानं स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही. बिहारनं आणि उत्तर प्रदेशानं स्वीकारला. महाराष्ट्रानं नाही. टेबलासमोरच्या रांगेत बिहारचे पाच-सहा जण होते. त्यांच्या गावाकडच्या लॅबला कागदावर तरी जे बंधन आहे, ते या औद्योगिक पट्ट्यात नाही.

12 डिसेंबर 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयानं गुजरातच्या प्रकरणात स्पष्ट केलं, की लॅबच्या रिपोर्टवर पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी. निकाल आवश्यक होता. पण सही खरंच त्या डॉक्टरची आहे का, आणि सही करणाऱ्यानं तो रिपोर्ट वाचला का, हे दारात येऊन पाहणारं कुणीतरी लागतं.

सरकारनं ठरवलं तर होतं. क्षयरोगासाठी रक्तातली प्रतिपिंडं तपासणारे किट चुकीचं निदान देत होते. जागतिक आरोग्य संघटनेनं 2011 मध्ये तसा इशारा दिला आणि जून 2012 मध्ये भारतानं त्यांची आयात, उत्पादन, विक्री आणि वापर बंद केला. एक अख्खी चाचणी अधिसूचनेनं थांबवता येते. इथेसुद्धा, ताईंनी वापरलेली सुई पांढऱ्या जाड डब्यात पडते आणि रक्ताळलेला कापूस पिवळ्या पिशवीत जातो, कारण 2016 चे जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम आहेत आणि त्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी लागते. टाकून दिलेल्या सुईचा हिशोब ठेवणाऱ्या राज्याला त्याच सुईतून आलेल्या आकड्याचा हिशोब ठेवता येऊ नये, हे मला पटत नाही.

साडेनऊला शेवटचा हात झाला. दुसऱ्या गेटवर आणखी वीस जण होते. थंड पेटी गाडीत चढेपर्यंत साडेदहा, आणि आळंदी फाट्याला कंटेनर आडवा. चिंबळी फाटा, इंद्रायणीचा पूल, मोशी, भोसरी, नाशिक फाटा. लॅबच्या दारात पाऊण वाजला होता.

सकाळी मशीनवर कंट्रोल, म्हणजे आकडा आधीच माहीत असलेले नमुने, लावले होते, दोन्ही पातळ्या आलेखाच्या रेषांच्या आत होत्या. बल्ब सेंट्रीफ्यूजमध्ये फिरले. सीरम स्वच्छ, पिवळसर, कुठेही लालसर छटा नाही. तासाभरात आकडे पडद्यावर आले आणि पॅथॉलॉजिस्ट मॅडम एका ओळीवर थांबल्या. पोटॅशियम 6.3. साडेतीन ते पाचच्या आसपास हवं. 6.3 खरं असेल तर हृदयाची लय बिघडू शकते. तो माणूस आत्ता दवाखान्यात हवा.

त्यांनी वरची ओळ पाहिली. 5.8. खालची, 5.6. मग मूत्रपिंडाचा अंदाज देणारं क्रिएटिनिन पाहिलं, तिघांचंही व्यवस्थित.

'एका शॉपमधल्या तिघांचं पोटॅशियम एकाच दिवशी कसं चढेल?' त्यांनी ताईंना बोलावलं. 'हे बल्ब पेटीत कुठे होते?'

ताई क्षणभर गप्प राहिल्या. 'तळाशी. आईसपॅकला लागून. शिबिरात सेंट्रीफ्यूज नेलं नव्हतं, मॅडम.'

उत्तर मिळालं. सीरम वेगळं न करता रक्त तासन्‌तास बर्फाला टेकून राहिलं, की पेशींच्या आवरणातला पंप मंदावतो आणि आतलं पोटॅशियम बाहेर झिरपतं. पेशी फुटत नाहीत, म्हणून सीरम लाल होत नाही. मशीन बरोबर मोजतं, कंट्रोल बरोबर येतो, आणि आकडा त्या माणसाचा नसतो. मॅडमनी तिन्ही पोटॅशियम रोखली, बाकीच्या चाचण्या सोडल्या, आणि ज्याचं 6.3 होतं त्याला फोन लावला. छातीत धडधड? हातापायात अशक्तपणा? नाही. तरी संध्याकाळी पाळीवर जाण्याआधी पुन्हा रक्त द्यायला सांगितलं. कंपनीच्या एचआरचा फोन आला, सगळे रिपोर्ट आजच हवे होते. मॅडम एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत राहिल्या, 'हे तीन आज मिळणार नाहीत.'

संध्याकाळी सहाला ताई पुन्हा महाळुंग्याच्या गेटवर होत्या. यावेळी गाडीत छोटं सेंट्रीफ्यूज होतं आणि आईसपॅकवर जाड टॉवेल. सकाळचा तो माणूस लांबूनच ओळखीचं हसला. 'नाईट आहे ना, लवकर आलो.' ताईही हसल्या, हातमोजे चढवले, पट्टा हातात घेतला.

'नाव सांगा दादा.'