हुकाची उंची आणि ट्रॉलीचा तोल

ट्रॅक्टरमागे जोडलेली ट्रॉली सपाट जागी जमिनीला समांतर उभी राहायला हवी. तिचे नाक वर उचललेले किंवा खाली झुकलेले असेल, तर वजन नको त्या चाकांवर जाते आणि ट्रॅक्टरची पकड, स्टिअरिंग, ब्रेक या सगळ्यांवर त्याचा परिणाम होतो. छत्रपती संभाजीनगरात पुंडलिकनगर, गारखेडा यांसारख्या दाट वस्तीत पाण्याचा टँकर, वाळू, विटा ट्रॅक्टरमागे येतात; पैठण-गंगापूर पट्ट्यात ऊसही तसाच कारखान्याला जातो. ओढणारे वाहन ट्रॅक्टर असो वा पिकअप, जोडणी निवडताना प्रश्न एकच असतो: हूक जमिनीपासून किती उंच हवा?

दोन चाकी ट्रॉलीचा ॲक्सल मधोमध नसतो, जरा मागे असतो. त्यामुळे भाराचा काही भाग पुढे हुकावर येतो, आणि तो यायलाच हवा. बैलगाडी भरणाऱ्याला हे शिकवावे लागत नाही: माल मागे गेला की गाडी उलाळ होते, फार पुढे आला की बैलांच्या मानेवर ओझे पडते. पाच हजार लिटरचा भरलेला टँकर टाकीच्या वजनासह सहा टन धरला, हुकापासून ॲक्सल तीन मीटरवर आणि भाराचा मध्य ॲक्सलच्या तीस सेंटिमीटर पुढे असला, तर हुकावर सहाशे किलो येतात. म्हणजे एकूण वजनाचा दहावा हिस्सा. पिकअप किंवा मोटारीमागच्या ट्रेलरसाठीही दहा ते पंधरा टक्के हेच प्रमाण सर्वसाधारणपणे योग्य मानतात.

आता हूक जरुरीपेक्षा वीतभराहून थोडा जास्त उंच लावला, तर तीन मीटर लांबीवर ट्रॉली सुमारे पाच अंशांनी मागे कलते. भाराचा मध्य ॲक्सलपेक्षा मीटरभर उंच असेल, तर तेवढ्या कलाने तो नऊ सेंटिमीटर मागे सरकतो आणि हुकावरचे सहाशे किलो चारशेवीसवर येतात. माल तोच, ट्रॉलीही तीच. फक्त उंची चुकली. हुकावरचा भार घटला की ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकड घटते, आणि वेग वाढला की ट्रॉली शेपटीसारखी डोलू लागते. टँकर अर्धा भरलेला असेल तर दुखणे वाढते, कारण पाणीही मागच्या बाजूला जमते. चढावर ते आणखी मागे धावते, ब्रेक दाबताच पुढे आदळते. टाकीत आडवे पत्रे असले तर ही उसळी कमी होते, पण कललेली ट्रॉली ते समतल करू शकत नाहीत.

मग ट्रॅक्टरचा हूक वर-खाली करून ट्रॉली समतल का करू नये? थोडाफार फरक असेल तर जरूर करावी. हुकाच्या ब्रॅकेटला त्यासाठीच एकाखाली एक भोके असतात. पण वर जाण्याला मर्यादा आहे, आणि ती ओलांडणे जिवावर बेतते. चढावर निघताना ट्रॅक्टरला एक टन ओढ लागली, हूक पन्नास सेंटिमीटर उंच आणि पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर दोन मीटर असेल, तर पुढची चाके अडीचशे किलोंनी हलकी होतात. हूक ऐंशी सेंटिमीटरवर नेला की चारशे किलोंनी. हुकावरच्या उभ्या भाराने ती आधीच हलकी झालेली असतात. दोन टनांच्या ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांवर मुळात आठशे किलोंच्या आसपास वजन असते. त्यातून हे सगळे वजा झाले की स्टिअरिंग फिरवूनही ट्रॅक्टर वळत नाही, आणि पुढे नाक उचलून मागे उलटू शकतो. म्हणून हूक मागच्या ॲक्सलच्या खालीच हवा. टॉप लिंकच्या, म्हणजे अवजार जोडायच्या वरच्या दांडीच्या, जागी ट्रॉली अडकवणे तर कधीच नको. फरक मोठा असेल तर ट्रॉलीच्या दांडीचा डोळा खाली किंवा वर बसवून घ्यावा. खर्च तिथेच करावा.

मोजणी अवघड नाही. भरलेली ट्रॉली सपाट जागी जॅकवर टेकवून पाणसळीने समतल करायची आणि डोळ्याची जमिनीपासूनची उंची घ्यायची. मग ट्रॅक्टरच्या हुकाची उंची मोजायची. दोन्हींतला फरक हाच दुरुस्त करायचा आकडा. चाकांत नेहमीची हवा असावी. पिकअपच्या बाबतीत एक गोष्ट हमखास विसरली जाते: भार आला की मागचे पाटे दबतात आणि हूक खाली जातो, तेव्हा मोजणी ट्रेलर जोडून पुन्हा करावी लागते.

पिकअपमागे बहुधा गोळ्याची जोडणी असते. गोळा ज्या दांडीवर बसतो ती सरळ, खाली वाकलेली किंवा वर उचललेली मिळते. उंचीतल्या फरकावरून ती निवडायची. गोळ्याचा व्यास ट्रेलरच्या कपाशी तंतोतंत जुळायला हवा. युरोपात पन्नास मिलिमीटरचा गोळा रूढ आहे, अमेरिकेत निरनिराळे व्यास चालतात, त्यामुळे बाहेरून आलेला ट्रेलर असेल तर नुसत्या नजरेवर विसंबू नये. जड ट्रेलरसाठी तिकडे स्प्रिंगच्या दांड्या असलेली जोडणीही वापरतात. ती हुकावरचा काही भार पुढच्या चाकांकडे आणि ट्रेलरच्या ॲक्सलकडे ढकलते, आणि वाहनाची मागची बाजू फार दबू देत नाही. मात्र जोडणीची ताकद तिच्या सर्वांत कमकुवत भागाइतकीच धरायची: गोळा, दांडी, चौकट यांपैकी ज्याची क्षमता कमी, तोच आकडा खरा.

चार चाकी ट्रॉलीत पुढचा ॲक्सल टर्नटेबलवर फिरतो आणि भार स्वतःच पेलतो. हुकावर जवळजवळ दांडीचेच वजन येते, म्हणून तिथे उंचीचा हिशेब बराच सैल असतो. तरी ओढ शक्य तितकी आडवी राहिलेली बरी. पिन मात्र भोकात ढिली नसावी, कारण ढिल्या पिनेचा प्रत्येक झटका डोळा झिजवतो. पिनेला लॉक आणि दांडीला वेगळी साखळी दोन्ही ट्रॉल्यांना सारखीच लागते. एकामागे दुसरी ट्रॉली जोडायची असेल, तर पहिल्या ट्रॉलीच्या मागच्या हुकाची उंचीही याच पद्धतीने मोजावी, आणि पहिली ट्रॉली भरलेली असतानाच मोजावी.