चार सेकंदांचा हिशेब

शिर्डीत दुपारी बाराच्या आरतीची घंटा वाजते, तेव्हा सूर्य माथ्यावर येण्यास सरासरी अर्धा तास अवकाश असतो. शिर्डीच्या माथ्यावर आलेला हाच सूर्य मुंबईच्या माथ्यावर पोहोचावयास आणखी सुमारे साडेसहा मिनिटे घेतो. पृथ्वी तासाला पंधरा अंश फिरते. एका अंशास चार मिनिटे. दोन स्थळांच्या वेळांतील फरक ठाऊक असला की त्यांच्या रेखांशांतील अंतर निघते. भर समुद्रातील जहाजाला स्वतःचा रेखांश याच हिशेबाने काढावा लागे. तेथील वेळ सूर्य सांगे. मूळ बंदराची वेळ मात्र सोबत न्यावी लागे.

ती न्यायची कशी, हाच प्रश्न होता. डुलत्या जहाजावर लंबकाचे घड्याळ चालत नाही आणि चार सेकंदांच्या चुकीने विषुववृत्ताजवळ जहाज एक सागरी मैल चुकते. १७०७ मध्ये सिली बेटांच्या खडकांवर चार ब्रिटिश युद्धनौका आदळल्या आणि हजाराहून अधिक खलाशी बुडाले. पुढे १७१४ मध्ये ब्रिटिश संसदेने वीस हजार पौंडांपर्यंतचे पारितोषिक जाहीर केले. जॉन हॅरिसन या सुताराने १७५९ मध्ये पूर्ण केलेले चौथे घड्याळ जेमतेम तेरा सेंटिमीटर व्यासाचे होते. जमैकाच्या सफरीत ते एक्याऐंशी दिवसांत अवघे पाच सेकंद मागे पडले. तरीही आपल्या पैशासाठी हॅरिसनला वयाच्या ऐंशीव्या वर्षापर्यंत झगडावे लागले. कारागिराचे देणे चुकते करताना सरकारे सेकंद मोजीत नाहीत!

पुढे अर्नॉल्ड आणि अर्नशॉ यांनी या यंत्राला सुटसुटीत रूप दिले व त्यास क्रोनोमीटर हे नाव रूढ झाले. लाकडी पेटीत पितळी कड्यांवर ते असे टांगलेले असे की जहाज कललं तरी तबकडी सपाटच राहावी. स्प्रिंगचा जोर उतरत गेला तरी शंकूच्या आकाराच्या चक्रीवरील बारीक साखळी तो समान राखी. तोलचक्राची कड आतून पोलादाची, बाहेरून पितळेची. उष्म्याने केसासारखी स्प्रिंग सैल पडे, तेव्हा पितळ अधिक प्रसरण पावून कडेची मोकळी टोके आत वळत आणि चूक भरून निघे. किल्ली रोज ठरल्या वेळीच द्यायची. काटे मात्र पुन्हापुन्हा फिरवायचे नाहीत. दररोज किती सेकंद पुढे वा मागे, हे वहीत मांडायचे. खतावणीतील आकडा खोडू नये, तसेच हे.

मुंबईत या कामी १८२६ मध्ये उभारलेली कुलाबा वेधशाळा उपयोगी पडली. १८४० पासून काही वर्षे तेथे केरो लक्ष्मण छत्रे काम करीत होते. लोकमान्य टिळकांना पुढे गणित शिकविणारे केरूनाना ते हेच. ताऱ्यांच्या वेधांवरून निश्चित केलेली मुंबईची वेळ ग्रिनिचच्या चार तास एक्कावन्न मिनिटे पुढे होती. म्हणजे रेखांश सुमारे पावणेत्र्याहत्तर अंश. पुढील काळात बंदरात उंचावरचा एक गोळा ठरल्या क्षणी खाली पडे. नांगरलेल्या जहाजांवरील अधिकारी तो पाहून आपापल्या क्रोनोमीटरची चूक वहीत लिहीत आणि पेटीचे झाकण लावीत.