मोटारसायकल थरथरते कशामुळे? इंजिनची घडण आणि खिशाचा हिशेब

कापडाच्या धंद्यात मोटारसायकल ही चैनीची वस्तू राहिलेली नाही. नमुन्यांची बॅग मागे बांधून दुकानोदुकानी फिरणारा, उधारी वसूल करणारा, दोन-चार तागे पोहोचवणारा माणूस दिवसाचे पाच-सहा तास तिच्यावरच असतो. गाडी घेताना आम्ही व्यापारी किंमत विचारतो, ॲव्हरेज विचारतो, पुन्हा विकताना किती येतील तेही विचारतो. ती किती थरथरते, हे मात्र कोणी विचारत नाही. पुढे त्या माणसाची बोटे बधिर होऊ लागतात आणि मिस्त्री सांगतो, इंजिन खोलावे लागेल. ही थरथर गाडीत पहिल्या दिवसापासून होती की झिजेमुळे नंतर आली, हे ओळखता आले नाही तर काही हजार रुपये विनाकारण जातात. तेव्हा इंजिन थरथरते कशामुळे, हे व्यापाऱ्यानेही समजून घेतलेले बरे.

ओळखीच्या यंत्रापासून सुरुवात करू. भिवंडी, मालेगाव किंवा इचलकरंजीत साध्या यंत्रमागाच्या कारखान्यात शिरले की पायाखालची जमीन हलते. फणी बसवलेली जड चौकट प्रत्येक आडव्या धाग्यामागे एकदा पुढे येते, थांबते आणि मागे जाते. तिला क्रँकशाफ्ट दोन दांड्यांनी ढकलते आणि ओढते. मोटारसायकलच्या इंजिनात हीच रचना आहे, फक्त उलटी. मागात शाफ्टच्या फिरण्याने चौकट हलते, इंजिनात पिस्टनच्या ये-जा करण्याने शाफ्ट फिरतो. जड वस्तू पळवायची, थांबवायची आणि पुन्हा उलट पळवायची म्हटल्यावर धक्का बसणारच. साधा माग मिनिटाला दीडशे-दोनशे फेऱ्या करतो, इंजिन पाच-सहा हजार करते. शिवाय फेऱ्या दुप्पट झाल्या तर धक्का दुप्पट नव्हे, चौपट होतो.

आकडा पाहा. १९९४ साली आलेल्या स्प्लेंडरचे इंजिन ९७.२ सीसीचे, त्यात पिस्टनची धाव ४९.५ मिलिमीटर. मिनिटाला ६,००० फेऱ्यांना त्या पिस्टनवर त्याच्या वजनाच्या सुमारे हजारपट जोर येतो. समजा पिस्टन आणि त्याची पिन मिळून १०० ग्रॅम भरली, तर हा १०० किलोचा धक्का झाला. एका सेकंदात शंभर वेळा वर आणि शंभर वेळा खाली! जुन्या ३५० सीसी बुलेटमध्ये पिस्टनची धाव ९० मिलिमीटर आणि पिस्टनही चांगला जड, त्यामुळे तेवढ्याच फेऱ्यांना धक्का कितीतरी मोठा. पण ते इंजिन सावकाश फिरते. म्हणून बुलेटचा दणका अंगाला जाणवतो, तर लहान गाडी वेगात पळवली की हाताला बारीक झिणझिण्या येतात.

यावर पहिला उपाय म्हणून क्रँकवर पिस्टनच्या विरुद्ध बाजूला वजन लावतात. पण पिस्टन फक्त वर-खाली जातो आणि हे वजन गोल फिरते. पूर्ण वजन लावले तर वर-खालचा धक्का मिटतो आणि तेवढाच धक्का पुढे-मागे सुरू होतो. एका खात्याची बाकी दुसऱ्या खात्यावर टाकावी, तसा हा प्रकार. म्हणून कारखानदार साधारण निम्मे वजन लावून मधला मार्ग काढतात. उरलेला हिशेब मिटवायचा तर बॅलन्सर शाफ्ट लागतो. तो तेवढ्याच वेगाने पण उलट दिशेने फिरतो. दोन्ही वजने वर-खाली एकमेकांना मदत करतात आणि पुढे-मागे एकमेकांना रद्द करतात. रॉयल एनफिल्डने २०२० च्या मीटिअरमध्ये आणि २०२१ च्या नव्या क्लासिक ३५० मध्ये असा शाफ्ट दिला. त्याआधीची क्लासिक आणि ही नवी, दोन्ही ओळीने चालवल्या तर फरक कोणी सांगावा लागत नाही. अर्थात जादा शाफ्ट म्हणजे जादा गिअर, जादा बेअरिंग आणि जादा खर्च. शंभर सीसीच्या स्वस्त गाडीत तो सहसा नसतो, तो याच कारणाने.

दोन सिलिंडर आले म्हणजे थरथर गेली, असाही समज आहे. तो खरा नाही. ट्रायम्फने १९३७ साली आणलेल्या स्पीड ट्विनमध्ये दोन्ही पिस्टन एकदम वर आणि एकदम खाली जात. थरथरीच्या दृष्टीने तो एकच मोठा पिस्टन झाला. नॉर्टन कंपनीने १९६७ च्या कमांडोमध्ये शेवटी इंजिनच रबरावर बसवले, म्हणजे धक्का तसाच राहिला, पण तो स्वाराकडे कमी पोहोचू लागला. आपल्याकडच्या राजदूत ३५० मध्ये एक पिस्टन वर तर दुसरा खाली असे. धक्के बरेच कटतात, पण दोन्ही पिस्टन शेजारी शेजारी असल्याने इंजिन तराजूच्या दांडीसारखे डुलते. बीएमडब्ल्यूने १९२३ पासून दोन सिलिंडर समोरासमोर आडवे ठेवले. दोन्ही पिस्टन एकाच वेळी बाहेर आणि एकाच वेळी आत जातात, त्यामुळे डुलण्याचा थोडा भाग सोडला तर बाकी मिटते. आमच्या मते ही सर्वांत सरळ युक्ती.

होंडाने १९६९ मध्ये सीबी ७५० आणली, चार सिलिंडरची, दोन वर दोन खाली. मोठा धक्का गेला, तरी बारीक थरथर राहिलीच. कारण पिस्टनला जोडलेली दांडी तिरपी होते, त्यामुळे पिस्टन वरच्या निम्म्या भागात जास्त वेगाने फिरतो आणि खालच्या भागात रेंगाळतो. मागवाले हे जाणतात. तेथे हीच गोष्ट मुद्दाम वापरतात, फणी मागच्या बाजूला जास्त वेळ राहते आणि धोट्याला पार जायला सवड मिळते. मागाला जे उपयोगी, ते इंजिनला त्रासाचे. वर जाणारे दोन आणि खाली येणारे दोन पिस्टन एकमेकांना पुरते कापत नाहीत आणि प्रत्येक फेरीत दोनदा शहारा उठतो.

आता दुरुस्तीचे. मिस्त्रीच्या हाती गाडी देण्यापूर्वी त्याच मॉडेलची, तेवढ्याच सीसीची दुसरी चांगली गाडी चालवून पाहावी. ती तशीच थरथरत असेल तर हा घडणीचा गुण आहे, तो इंजिन खोलून जाणार नाही. गाडी न्यूट्रलमध्ये उभी करून रेस दिल्यावर थरथर येत असेल तर दोष इंजिनकडे किंवा ते फ्रेमला जोडणाऱ्या बोल्टांकडे आहे. चालत्या गाडीत, मोकळ्या रस्त्यावर, क्लच दाबून इंजिन मंद होऊ दिले तरी थरथर कायम असेल तर चाक, टायर किंवा चेन पाहावी. आरसा एकाच ठराविक वेगाला धूसर होतो आणि पुढे पुन्हा साफ दिसतो, हा बहुधा आरशाच्या दांडीचा स्वभाव असतो, त्याची काळजी नको. थरथर अचानक वाढली असेल तर आधी बोल्ट कसावेत, ते काम पान्याचे आहे. बेअरिंग किंवा क्रँकचा खर्च त्यानंतर, आणि तोही सोबत ठोक्याचा आवाज येत असेल तर.

बोटांचा प्रश्न हलका समजू नये. झाडे कापण्याची यंत्रकरवत वर्षानुवर्षे चालवणाऱ्या मजुरांची बोटे पांढरी पडतात, हा मान्य झालेला व्यावसायिक आजार आहे. मोटारसायकलचा मारा तेवढा नसतो, पण मूठ घट्ट आवळली की तो वाढतो. मुठीचे रबर झिजले असेल तर ते बदलावे, हँडलच्या टोकांची वजने पडली असतील तर पुन्हा बसवावीत, आणि तासाभराने माणसाने उतरून हात मोकळे करावेत. मोबाईल हँडलला लावून पत्ते शोधणाऱ्या पोरांनाही एक गोष्ट सांगायला हवी. मोठ्या इंजिनच्या मोटारसायकलींच्या थरथरीने आयफोनच्या कॅमेऱ्याचे नुकसान होऊ शकते, असा इशारा ॲपल कंपनीनेच २०२१ मध्ये दिला होता.

जुनी गाडी घेताना दुकानासमोर एक चक्कर मारून सौदा करू नये. आपला माणूस रोज ज्या वेगाने जाणार आहे, त्या वेगाने निदान पंधरा मिनिटे ती त्यालाच चालवू द्यावी आणि उतरल्यावर त्याची बोटे कशी आहेत, ते विचारावे.